एकतीस देल्लुशो

१

इसोत्ताला वाटलं होतं, आपलं आडनाव मरायला टेकलंय आणि त्याची कुणी काळजी घेतली नाही म्हणून मरतंय. माँट्रियलच्या विद्यापीठात तिने चार वर्षं दुर्मीळ आडनावांचाच अभ्यास केला होता. कुठलं आडनाव कुठे जन्मलं, कुठवर पसरलं, कुठे आटलं. तिच्या प्रबंधातल्या इटलीच्या नकाशावर 'देल्लुशो' या आडनावाचा एकच ठिपका होता. उंब्रियाच्या डोंगरातलं रोक्कासोर्दा, तिचं गाव. देल्लुशो म्हणजे दाराचा. कधीकाळी कुणाच्या तरी दारात टाकलेलं एक पोर सापडलं, त्याला हे नाव मिळालं आणि पुढचे सगळे त्याचे वंशज. त्या ठिपक्याकडे बघत तिने बर्फाचे चार हिवाळे काढले. परत जायचं, अर्जेंटिनात गेलेल्या देल्लुशोंची नातवंडं शोधायची, त्यांना नागरिकत्व मिळवून द्यायचं, बंद घरं उघडायची, गावची शाळा वाचवायची.

प्रत्यक्षात तिला काही शोधावंच लागलं नाही. रोसारिओ शहरातल्या तीन देल्लुशो कुटुंबांची कागदपत्रं गावच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत आधीच येऊन पडली होती. चौदा माणसं, त्यांतली पाच मुलं. तीन खेपांनी आलेले कागद, पहिली खेप अकरा वर्षांपूर्वीची. सगळे शिक्के जागच्या जागी, सगळी भाषांतरं प्रमाणित. निळ्या फितीत बांधून ती सर्वांत खालच्या खणात ठेवलेली होती.

"अकरा वर्षं?" इसोत्ताने विचारलं.

"वेळ झाला नाही," फेदोराबाई म्हणाल्या. अडतीस वर्षं ती कचेरी त्याच सांभाळत होत्या, आणि इसोत्ता वर्षभरासाठी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागली होती.

"या गावात वर्षाला चार जन्म होतात, फेदोराबाई."

"चार कुठले. तीन." बाईंनी कॉफीचा छोटा कप तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. समोर सेत्तिमिओ देल्लुशोचं न्हाव्याचं दुकान होतं. रोज साडेदहाला बाई तिथे जाऊन उभ्या उभ्या दुसरी कॉफी प्यायच्या. दोघांचं लग्न ठरलं होतं म्हणे, चाळीस वर्षांपूर्वी. मग झालं नाही. का, ते कुणी सांगत नव्हतं.

मेयर ओदोआर्दो मात्र खूश होता. "डॉक्टरबाई," तो इसोत्ताला म्हणाला, "एकतीस ऑगस्टला शाळेची यादी वर जाते. आपल्याकडे सात पोरं आहेत, दहा लागतात. ही पाच नावं वहीत चढली की शाळा वाचली. घरं मी देतो. तू फक्त लिही. आमच्या बाईंच्या हातून काही होत नाही, त्यांचं पेन कॉफीवर चालतं."

फेदोराबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. हेच इसोत्ताला सर्वांत लाजिरवाणं वाटलं.

२

तिने सुरुवात सर्वांत लहान मुलीपासून केली. मिलाग्रोस देल्लुशो, वय सहा. पोरीच्या बापाने, रामिरोने, फाइलला तिचं एक चित्र टाचलं होतं. डोंगर, त्यावर घरं आणि प्रत्येक घराला दोन दारं. कुणा पणजोबाने सांगितलेलं पोरीपर्यंत पोचलं असणार.

दोन दारं खरीच होती. या डोंगरांतल्या जुन्या घरांना एक रुंद दार असतं, जाण्यायेण्याचं. त्याच्या शेजारी एक अरुंद, रस्त्यापासून हातभर उंच. त्यातून फक्त शवपेटी बाहेर काढायची आणि त्याच दिवशी ते विटांनी बुजवायचं. इतर गावांत ती रीत कधीच संपली. रोक्कासोर्दातही बाकीच्यांनी सोडली. देल्लुशोंनी मात्र नाही, आणि ती दारं उघडायचं आणि बुजवायचं काम इसोत्ताचे वडील, नात्सारेनो गवंडी, करत आले होते.

मंगळवारी सकाळी तिने मोठी नोंदवही उघडली. मेयरने सहीचा अधिकार तिला दिला होता.

"आज नको," फेदोराबाई म्हणाल्या.

"का?"

"आज मंगळवार आहे."

"मग काल का नको म्हणालात?"

"काल सोमवार होता." बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "पोरी, एकदा तुझ्या बापाला विचार तरी."

"बाबांना काय विचारायचं? ते म्हणणार, कॅनडाचीच नागरिक हो, इथलं नाव काढून टाक. दर पत्रात तेच." तिने सावकाश, सुरेख अक्षरात नोंद लिहिली आणि खाली सही केली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

फेदोराबाईंनी चष्मा काढला आणि खिडकीपाशी गेल्या.

समोरच्या दुकानातून एक गिऱ्हाईक बाहेर आलं. अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, गळ्यात टॉवेल. रस्त्यात उभं राहून ते कुणालाच उद्देशून म्हणालं, "तो बसला. मला उठवलं, म्हणाला जरा बसतो, आणि खुर्चीत बसला तो बसलाच."

फेदोराबाई जिना उतरून गेल्या. धावत नाही. रोज साडेदहाला जायच्या तशाच.

३

सेत्तिमिओ एकाहत्तर वर्षांचा होता, रक्तदाबाच्या गोळ्या खायचा, ऑगस्टचा उकाडा होता. इसोत्ताने हे सगळं स्वतःला नीट सांगितलं.

अंत्ययात्रेच्या दिवशी वडिलांनी सेत्तिमिओच्या घराचं अरुंद दार उघडायला घेतलं. रस्त्यावरून छिन्नी लावून ते एकेक वीट सोडवत होते. इसोत्ता आत उभी होती, विटा हाती घ्यायला. आणि तिच्या लक्षात आलं की आतल्या बाजूने चार विटा आधीच निघालेल्या आहेत. भिंतीच्या कडेला जमिनीवर त्या नीट एकावर एक रचलेल्या होत्या. सेत्तिमिओ एकटा राहायचा. त्याच्या पलंगावर, ताटावर, चपलांवर कुठे विटेचा कण नव्हता.

"बाबा, या कुणी काढल्या?"

वडिलांनी भोकातून आत पाहिलं. "चुना जुना झाला की सुटतात," ते म्हणाले.

"सुटल्या तर पडतील. रचल्या कशा जातील?"

"हात चालव, पोरी. बाहेर लोक उन्हात ताटकळलेत."

संध्याकाळपर्यंत दार पुन्हा बुजलं. इसोत्ताने तळव्याने लिंपण चाचपून पाहिलं. बाहेरची बाजू दिवसभराच्या उन्हाने तापली होती. आतली, त्याच भिंतीची, गार होती. जाड भिंत आहे, तिने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत फेदोराबाई काळा पोशाख घालून आल्या आणि आपल्या जागी बसल्या. इसोत्ता सांत्वनाचे शब्द जुळवत होती. बाईंनी ते येऊच दिले नाहीत.

"मोज," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझा विषय आहे ना? आडनावाचा प्रसार. तुम्ही लोक मोजता ना? वहीतले हयात देल्लुशो मोज. मग कुठलंही वर्ष काढ आणि त्यातलेही मोज."

त्या वर्षीचे एकतीस निघाले, मिलाग्रोस धरून. इसोत्ताने १९५१ काढलं. एकतीस. १९०१, एकतीस. १८७१, मांडणीच वेगळी, शाई उडालेली, तरी एकतीस. युद्धाच्या वर्षीही एकतीस. जिथे कुणी जन्मलं होतं, तिथे त्याच तारखेला कुणी तरी गेलं होतं. जिथे कुणी गेलं होतं, तिथे दोन-चार दिवसांत कुणाकडे तरी पाळणा हलला होता. माणसं गाव सोडून परदेशी नागरिक झाली, वहीतून त्यांची नावं कमी झाली, की तेवढीच बाळं. आणि गेल्या चाळीस वर्षांत पुरुष बिनलग्नाचे, बायकांची मुलं त्यांच्या बापांच्या आडनावाची. दोन जन्म, दोन मृत्यू. बाकी शांत.

"लहान आकड्यांत योगायोग दिसतात," इसोत्ता म्हणाली. स्वतःचा आवाज तिला वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा वाटला.

"दिसतात ना." बाईंनी खणातून एक कागद काढला. पाद्र्यांच्या जुन्या वहीतल्या एका ओळीची नक्कल होती ती. "तू प्रबंधात लिहिलंस, पोर दारात सापडलं. छापील पुस्तकातून घेतलंस. मूळ पाहिलं नाहीस."

मूळ ओळ एवढीच होती: *मुलगा, अंदाजे एका दिवसाचा. मृतांच्या दाराच्या उंबऱ्यावर, घराच्या आतल्या अंगाला. दार बुजवलेलं होतं, तसंच होतं.*

इसोत्ताने ती तीनदा वाचली. "याचा अर्थ काय?"

"मला अर्थ कळला असता तर मी लग्न केलं असतं," फेदोराबाई म्हणाल्या आणि टपाल उघडू लागल्या.

इसोत्ताच्या हाताखाली अजून एक वही होती. ती उघडायची नाही, असं ठरवून तिने ती उघडली. स्वतःच्या जन्माचं पान तिने आजवर पाहिलं नव्हतं, दाखलाच पाहिला होता. इसोत्ता देल्लुशो, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. मृत्यूच्या वहीत तीच तारीख, दहा वाजून दहा मिनिटं. तुल्लिओ देल्लुशो, वय सहा.

तिला भाऊ होता, हे ठाऊक होतं. तापाने गेला, एवढंच सांगितलं होतं.

४

जेवायला डाळीचं आमटीसारखं सूप, चुलीवरची जाड रोटी आणि अंजिरं होती. वडील चाकूने रोटीचे तुकडे करत होते.

"तुल्लिओला ताप नव्हता ना?" तिने विचारलं.

त्यांनी चाकू खाली ठेवला. "नाही. अंगणात खेळत होता. शाळेचा फोटो काढायचा होता त्या दिवशी. तुझ्या आईने कळा येत असतानाही त्याचे केस ओले करून भांग पाडून दिला होता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सेत्तिमिओ म्हणाला होता, नको. सगळेच म्हणाले. मी म्हटलं, अडाण्यांच्या गप्पा. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो आणि तुझ्याएवढाच शहाणा होतो."

"म्हणून मला लांब पाठवलंत."

"तिकडची होशील, इथलं नाव काढून टाकशील, म्हणजे कुणाच्या जागी तुझी पाळी येणार नाही. तर तू पदवी घेऊन परत आलीस आडनाव वाचवायला." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आपल्या अख्ख्या कुळाने चाळीस वर्षं काळजावर दगड ठेवला, त्याला तू प्रबंधात काय म्हटलंस? वाचून दाखवलंस मला फोनवर."

तिला शब्द आठवले. उदासीनता आणि इच्छाशक्तीचा अभाव.

"बाबा, हे खरं कसं असेल?"

"मला विचारू नकोस. मी गवंडी आहे. बुजव म्हणतात, बुजवतो." त्यांनी एक अंजीर तिच्या ताटात ठेवलं. "तुला लिहायचं तर लिही. मला सत्तर झाली, माझी काही तक्रार नाही. पण तेरा उरलेत, आणि कुणाच्या जागी कोण, ते ना तू ठरवणार, ना मी. मिलाग्रोससुद्धा आता त्यात आली. तीही मोजली जाते."

इसोत्ता ताटावरून उठली. ती रागावली होती. वडिलांवर, फेदोराबाईंवर, आणि सर्वांत जास्त त्या एकतीस आकड्यावर, जो तिच्या डोक्यात घड्याळासारखा वाजत होता.

५

तीस ऑगस्टला मेयरने मोठी नोंदवही स्वतः तिच्या काखेत दिली. "नियमात बसत नाही, पण कचेरीत पंखा बंद आहे. घरी बसून लिही. उद्या सकाळी नऊला मला सगळ्या तेरा नोंदी हव्यात, डॉक्टरबाई. नाही तर शाळेला कुलूप, आणि ते कुलूप तुझ्या नावाचं."

दुपारी दोन ते चार गाव झोपतं. खिडक्यांच्या फळ्या ओढलेल्या असतात, रस्त्यावर कुत्रंही नसतं. इसोत्ता खालच्या खोलीत टेबलाशी बसली. वडील आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते, हात पोटावर. त्यांच्या मागे भिंतीत त्यांच्या घराचं अरुंद दार होतं, बुजवलेलं, पांढऱ्या चुन्याने सारवलेलं. तुल्लिओनंतर ते उघडलं नव्हतं. आई तिच्या माहेरच्या नावाने गेली होती, मोठ्या दारातून.

ती लिहिणार होती. एक नोंद लिहायची, काही होत नाही हे बघायचं, मग उरलेल्या बारा. विद्येचा उपयोग काय, जर एका आकड्याला भिऊन गावची शाळा बुडवायची? सही केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही, तेव्हा लिहायला तर काहीच हरकत नव्हती.

तिने नाव लिहायला घेतलं. मिलाग्रोसचा भाऊ, वय आठ.

दोन अक्षरं झाली आणि वडिलांच्या मागे काही तरी सांडल्यासारखा आवाज आला. रव्यासारखा बारीक. तिने मान वर केली. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीखाली, फरशीवर, पांढरी रेघ पडली होती.

उन्हाने भिंत फुगते, तिने मनाशी म्हटलं. तिने तिसरं अक्षर लिहिलं. रेघ जाड झाली. तिने पेन थांबवलं. आवाज थांबला. ती शंभरपर्यंत मोजत बसली. खोलीत फक्त वडिलांचा श्वास आणि माश्या. तिने चौथं अक्षर काढलं, मुद्दाम अगदी हळू, लांबवत, आणि भिंतीत एक वीट तितक्याच हळू, तितकीच लांबवत पुढे सरकू लागली.

पेन उचललं की वीट थांबत होती.

इसोत्ताला बघायचं होतं. हे तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं. तिने आडनाव लिहिलं. 'देल्लुशो' पुरं होताच वीट पूर्ण निघाली. पडली नाही. कुणी तरी हलकेच जमिनीवर ठेवावी तशी आरामखुर्चीच्या पायाशी ठेवली गेली.

त्या भिंतीपलीकडे रस्ता होता. रस्त्यावर तीनचं ऊन होतं. भोकातून उन्हाची तिरीप आत यायला हवी होती.

आत काळोख होता, आणि ओल्या चुन्याचा गार वास येत होता. भोकाच्या कडेला काही तरी टेकलं होतं. कपाळ. टेबलाएवढ्या उंचीवर, लहान मुलाचं. केस ओले, एका बाजूला भांग पाडून चापून बसवलेले. त्याखाली एक डोळा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो खुर्चीत झोपलेल्या माणसाकडे बघत होता, शाळेच्या फाटकाशी मूल घरच्या माणसाची वाट बघतं तसा. तक्रार न करता.

तिने लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग उभी. मग पानभर, निब कागदातून आरपार जाईपर्यंत.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा भोक होतं, आणि त्यातून उन्हाची तिरीप सरळ वडिलांच्या गुडघ्यावर पडली होती.

"चुना मोरीखाली आहे," वडील डोळे न उघडता म्हणाले. "भिजवून लाव. नुसती ठेवलेली वीट राहत नाही."

तिने चुना कालवला. वीट उचलली. तिची एक बाजू दमट होती, मुठीत धरून ठेवलेल्या वस्तूसारखी. तिने ती जागेवर बसवली आणि हातानेच लिंपलं. वडील उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "भांग तसाच होता?"

 

६

सकाळी नऊला मेयर कचेरीत हजर होता.

"एक पान खराब झालं," इसोत्ता म्हणाली. "आणि रोसारिओच्या कागदांवरचा एक शिक्का पुसट आहे. परत मागवावा लागेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

मेयरने फाटल्यासारखं झालेलं पान पाहिलं, मग तिच्या नखांतला चुना पाहिला. "चार वर्षं परदेशात शिकून आलीस ती हे करायला? मला वाटलं, या वेळी कुणी तरी काम करणारं माणूस मिळालं." दारात वळून तो म्हणाला, "तुम्ही देल्लुशो ना, तुमच्या हाडातच आळस आहे."

तिने मान हलवली. खरं आहे, अशी.

रामिरोचं पत्र आलं होतं. मिलाग्रोसने दप्तर घेतलंय, लाल रंगाचं, आणि रोज विचारते, आपण कधी निघायचं. इसोत्ताने उत्तर लिहिलं: प्रक्रिया सुरू आहे, कृपया वाट पाहावी. मिलाग्रोसला ताप, खोकला, काही झालं का, हे विचारायची तिला अनावर इच्छा झाली. तिने विचारलं नाही.

मग तिने निळी फीत घेतली आणि तेरा फाइली बांधल्या. गाठ बसेना. फेदोराबाईंनी तिच्या हातातून फीत घेतली, गाठ मारली आणि गठ्ठा खालच्या खणात सरकवला.

"पहिली पाच-सहा वर्षं पत्रं येतात," त्या म्हणाल्या. "मग कमी होतात."

"तुम्ही डिसेंबरात निवृत्त होणार ना?"

"हो."

इसोत्ताने तुमच्या जागेसाठी अर्ज करायचा कागद कुठे मिळतो, असं विचारलं. बाईंनी तो काढून दिला. बहुतेक आधीच काढून ठेवलेला होता. तिने नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि सवयीने भिंतीकडे कान दिला. काही झालं नाही. ते नाव आधीच मोजलेलं होतं.

किती काळासाठी, या रकान्यात तिने लिहिलं: कायम.

"आता कॉफी कर," फेदोराबाई म्हणाल्या आणि खणाची किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली. "सावकाश कर. इथे कसलीच घाई नसते."